शनिवारची घंटा

“आत्ताच सांगून ठेवते,” मी खालून ओरडले, “उद्या कुणीसुद्धा येऊ नये अशीच प्रार्थना करणार आहे मी!”

हे शिडीवर होते. आंब्याच्या जाड फांदीला ट्रकच्या चाकाची जुनी लोखंडी रिंग देवळाची घंटा म्हणून साखळीनं बांधत होते, आणि खालून शिडी मी धरली होती. म्हणजे बोलायची वेळ मी नेमकी साधली होती.

“शिडी हलवू नकोस,” हे म्हणाले.

“नाही हलवत. ऐकलंत का मी काय म्हटलं?”

“ऐकलं. देवानंही ऐकलं असेल, एवढ्या मोठ्यानं बोलल्यावर.”

मिशनऱ्याच्या बायकोनं असली प्रार्थना करावी, हे ऐकून तुम्ही कानावर हात ठेवाल. ठेवा. पण आधी ऐकून घ्या.

आम्ही तेव्हा मलावीत होतो. आफ्रिकेच्या पोटातला तो चिंचोळा देश, आणि त्यातलं डोंगराच्या पायथ्याचं चिंगोले नावाचं गाव. आमच्या नगरच्या मंडळानं रेव्हरंड दानिएल हिवाळ्यांना तिथं सेवेला धाडलं, आणि मी, सुवार्ता, त्यांच्यामागं गेले. माझे वडील सायकलवरून शुभवर्तमानाच्या पुस्तिका विकत हिंडायचे, ते लेकीचं नाव दुसरं काय ठेवणार? निघताना केवढं कौतुक झालं! गोरे मिशनरी एकेकाळी आपल्याकडे आले, आता आपली माणसं परदेशी चालली म्हणून स्टँडवर हार काय, फोटो काय, भजनं काय. पुढं तीन वर्षं मी हापशावर पाणी भरलं, पिठातल्या मुंग्या निवडल्या, तापलेल्या पोरांच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि रविवारी ह्यांच्यासमोर पहिल्या बाकावर बसून मागं किती जण आलेत ते मान न वळवता ओळखायला शिकले. पायांच्या आवाजावरून कळतं. पाय फार नसायचे.

आमची जेमिमा, घरातली जेमी, नगरला बोर्डिंगात होती. सुट्टीला माझ्या बहिणीकडे राहायची. चिंगोलेत शाळा होती ती झाडाखालची, म्हणून मीच हट्टानं तिला मागं ठेवलं होतं. महिन्यातून एकदा आम्ही तालुक्याच्या गावी जाऊन फोन लावायचो. मागच्या खेपेला ती मला म्हणाली, “आई, तुम्ही कशा आहात?”

तुम्ही! आईला! मी फोन धरून उभी राहिले, आणि नंतर काय बोलले ते मला आठवत नाही. बसमध्ये ह्यांना म्हटलं, मला पोरीकडं न्या. त्या दिवसापासून माझं कशातच लक्ष लागेना. भाकरीच्या पिठासारखं माझं मन कुणीतरी सारखं मळत होतं. खुर्चीत बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठं जायचं ते कळत नसे.

हे भांडणारे नव्हेत. एके दिवशी म्हणाले, “मंडळाचे चिटणीस येणारेत. नवीन देवळाच्या समर्पणाला. देऊळ भरलेलं दिसलं तर आपली नेमणूक वाढवतील. रिकामं दिसलं तर नाताळाच्या आत परत बोलावतील. तेव्हा जे होईल ते दोघांनी मान्य करायचं. चालेल?”

“चालेल,” मी म्हटलं. “पण वाढली तर?”

“तर जेमीला इकडं आणू.”

“या रानात? पोर अडाणी ठेवायचीय का?”

म्हणून ती प्रार्थना, आणि तीही उघडउघड, शिडीखालून.

आता नाफिरीचं सांगायला हवं. नाफिरी ही आमच्या शेजारची म्हातारी. मुलंबाळं सगळी शहरात, घरात एकटी. रोज दुपारी माझ्या ओसरीपाशी येऊन “ओदी!” म्हणून हाक द्यायची. तिकडं दारावर थाप मारत नाहीत, लांबूनच ओदी म्हणायचं, म्हणजे येऊ का. मी ये म्हणायचे. ती खांबाला टेकून पाय पसरून बसायची. मी चहा द्यायचे, पोळी द्यायचे. बोलणं फारसं नाही. कप रिकामा झाला तरी ऊन उतरेपर्यंत बसून राहायची. मी मनात म्हणायचे, बाई आमच्या साखरेला चटावलीय. देवळात मात्र एकदाही फिरकली नाही. विचारलं तर म्हणायची, “तुमचा देव दहा वाजता भेटतो. तेव्हा मी शेतात असते.”

एकदा तिनं विचारलं, “तुझं लेकरू कुठंय?”

“लांब. शाळेत.”

“कुणाकडे?”

“माझ्या बहिणीकडे.”

“मग आईकडेच आहे की,” ती म्हणाली. तिकडं मावशीला आईच म्हणतात, मावशी अशी वेगळी नसतेच. पण तुम्ही-आम्ही झालेल्या त्या फोननंतर मला ते असं झोंबलं! नाफिरीनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “लेकरू आईकडे आहे. पण माई, तू कुणाकडे आहेस?”

बायांना तिकडं माईच म्हणतात. मला राग आला, आणि दोन दिवस मी तिला चहात साखर कमी घातली. तिनं तोही निमूट प्यायला.

तर शुक्रवारी संध्याकाळी चिटणीस आले. आढावसाहेब. प्रवासानं पोट बिघडलेलं, गळ्यात कॅमेरा. मी केलेली मऊ खिचडी खाता खाता म्हणाले, “हिवाळे, मंडळात लोक विचारतात हो, एवढ्या लांब माणूस ठेवून उपयोग काय? मला उद्या एक चांगला फोटो मिळू द्या, बाकी मी बघतो.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ताकाचं भांडं उचलून आत गेले.

सकाळी उजाडताच एलुबी धावत आली. एलुबी म्हणजे आमच्या मोजक्या सभासदांमधली सगळ्यात खंबीर बाई; बाकं पुसायला तीच यायची. तिच्या हातात झाडू नव्हता, आणि डोकं चितेंजेनं, त्यांच्या त्या रंगीत लुंगीसारख्या कापडानं, घट्ट बांधलं होतं.

“माई, नाफिरी गेली. पहाटे.”

कुणी येऊ नये म्हणून मी मागितलं होतं, आणि चिंगोलेत कुणी मेलं की कुणीसुद्धा कुठं जात नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. शेत बंद, बाजार बंद. गावातलं जे माणूस मयताला येत नाही त्याला तिकडं माणसांत धरत नाहीत. देवा, मी असं नव्हतं रे मागितलं!

हे आतून शर्टाची बटणं लावत आले.

“अहो, नाफिरी गेली.”

“अरेरे.” हे थबकले. “कधी?”

“पहाटे. सगळं गाव तिथं जाणार. मीही जाते.”

“आणि समर्पण?”

“कोण येणारे तुमच्या समर्पणाला?”

“साहेब आलेत, सुवार्ता. दहाची वेळ दिलीय. एकच माणूस आलं तरी मी उपासना घेणार. न येवो कुणी, घंटा मात्र वेळेवर होईल.”

हा त्यांचा हेका. एवढा शांत माणूस, पण दहा म्हणजे दहा. मी कपाळाला हात लावला, परातीत मक्याचं पीठ घेतलं, कारण मयताच्या घरी पीठ न्यायचं असतं, आणि एलुबीबरोबर निघाले.

नाफिरीच्या खोलीत बाया जमिनीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. मधोमध चटईवर ती, पांढऱ्या कापडाखाली. पुरुष बाहेर, झाडाखाली. मी दाराशी संकोचून उभी, तर बायांनी न बोलता पाय आखडले आणि मला जागा केली. कुणीतरी झोपलेलं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, विचारलंसुद्धा नाही. एलुबीनं आपल्या कमरेच्या चितेंजेचं टोक माझ्या गुडघ्यांवर ओढलं. एक बाई गाऊ लागली, दुसऱ्या धरू लागल्या. मला शब्द अर्धे कळत होते, पण रडू पुरतं आलं.

आणि तेवढ्यात घंटा सुरू झाली.

आजवर आमच्याकडं नगरहून आणलेली शाळेची हातघंटा होती. ती ओढ्यापलीकडंसुद्धा ऐकू जात नसे. ट्रकच्या रिंगचा आवाज आम्ही कुणीच ऐकला नव्हता. बाई गं! डोंगर घुमला. हे काही पैलवान नव्हेत, आणि मारायची पहार जड. त्यामुळं एक टोला झाला की हे दम घेत, मग दुसरा मारत. ठण्ण. मग शांतता. ठण्ण. मग शांतता.

गाणं थांबलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी तोंडावर हात ठेवून हुंदकली.

“काय झालं?” मी एलुबीला हळूच विचारलं.

“अबुसा वाजवतायत,” ती म्हणाली. अबुसा म्हणजे पाळक. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “नाफिरीसाठी.”

“म्हणजे?”

“रविवार नसताना, अशी संथ घंटा मयताचीच असते ना माई. पण ती सभासदाची. ज्याचा बाप्तिस्मा झालाय, त्याची. बाहेरच्या माणसाला कुठलंच देऊळ घंटा देत नाही. माझ्या आईला दिली नव्हती. आणि अबुसा बघ!”

मी बाळ शेजारणीच्या मांडीवर दिलं आणि उठले.

बाहेर येऊन बघते तर काय, डोंगराच्या सगळ्या पायवाटा भरून गेलेल्या! पलीकडच्या गावांनी घंटा ऐकली होती. बाया डोक्यावर पीठ आणि सरपण घेऊन, म्हातारे काठ्या टेकत, माणसामागं माणूस येत होतं. वाट आमच्या देवळावरूनच जायची. देवळासमोर आढावसाहेब कॅमेरा डोळ्याला लावून नुसते हरखले होते.

“वा, हिवाळे, वा! आणि तुम्ही म्हणत होतात थोडेच येतील! अहो, इकडं बघा इकडं!”

हे घामाघूम. पहार हातात, चेहऱ्यावर विश्वास बसत नाही असा भाव. पण लोक येत, ह्यांच्यापाशी थांबत, खाली बसून हळू टाळ्या वाजवत, कारण मान द्यायची तिकडं तीच रीत, आणि उठून पुढं जात. देवळात एकही शिरेना.

“हे चाललेत कुठं?” साहेबांनी कॅमेरा खाली घेतला.

मी ह्यांच्यापाशी पोचले, त्याच वेळी समोरून काचालेबाबा आले. हा नाफिरीचा भाऊ. तिकडं बहिणीच्या घरचा कर्ता भाऊच असतो. तीन वर्षांत हा माणूस आमच्या कुंपणाच्या आत आला नव्हता. आमच्याबद्दल चारचौघांत काय बोलायचा तेही कानावर आलं होतं. तो आज टोपी काढून ह्यांच्यासमोर मातीत बसला आणि बोलायला लागला. बोलता बोलता त्याचा आवाज फुटला.

“काय म्हणतायत?” ह्यांनी मला विचारलं. ह्यांची चिचेवा, म्हणजे तिथली भाषा, पुस्तकातली, अडखळत बोलायचे. माझी हापशावरची, चुकांसकट धावायची. म्हणून दुभाषाचं काम नेहमी माझंच.

“म्हणतायत, माझी बहीण तुमच्या देवळात कधी आली नाही. तुमचा मोठा पाहुणा आलेला, तुमचा सणाचा दिवस. तो बाजूला ठेवून तुम्ही तिच्यासाठी घंटा वाजवलीत. आमच्या माणसासाठी असं कुणी केलं नव्हतं.”

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. पहार हळूच खाली टेकली.

“सुवार्ता, त्यांना सांग, मी तिच्यासाठी नाही वाजवली. हे श्रेय माझं नाही. समर्पणाची घंटा होती म्हणावं. नीट सांग.”

“बरोबर,” आढावसाहेब म्हणाले. “गैरसमज काढून टाका. आणि विचारा, एवढे जमलेच आहेत तर अर्धा तास आत बसतील का? फोटोपुरतं.”

काचालेबाबा माझ्या तोंडाकडं बघत होते. हे माझ्याकडं बघत होते. वाटेवरची माणसंही थांबली होती.

एक वाक्य. तेही खोटं नाही, शंभर टक्के खरं, नवऱ्यानं स्वतः सांगितलेलं. ते बोलले की ही सगळी माणसं मान खाली घालून निघून जाणार, देऊळ रिकामं राहणार, साहेब आपली बॅग भरणार, आणि नाताळाला मी नगरला, माझ्या जेमीचे केस विंचरत. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त नीट सांगायचं होतं.

मी तोंड उघडलं. आणि मला ती खांबाला टेकलेली म्हातारी दिसली. तू कुणाकडे आहेस?

“अबुसा म्हणतात,” मी काचालेबाबांना म्हटलं, “नाफिरीला माती देईपर्यंत ही घंटा थांबणार नाही.”

बाबांनी डोळ्यांवर टोपी दाबली.

“सांगितलंस?” ह्यांनी विचारलं.

“सांगितलं.”

“मग ते रडतायत का?”

“सख्खी बहीण गेलीय, रडतील नाहीतर काय करतील? ते म्हणतायत, आता सुरू केलीच आहे तर थांबू नका. वाजवा.”

ह्यांनी माझ्याकडं एक क्षण बघितलं. मग पहार उचलली.

दुपार उलटून गेली तरी ती घंटा चालूच होती. गावातल्या बाप्यांनी पहार मागितली, ह्यांनी दिली नाही. आढावसाहेब आधी चिडले, मग पहिल्या बाकावर एकटेच बसून राहिले, मग कंटाळून मयतीबरोबर चालत गेले आणि शेवटी स्वतःहून पायातले बूट काढून खड्ड्यात मूठभर माती टाकून आले. त्यांनी देवळासमोरच्या गर्दीचा काढलेला फोटो मंडळाच्या मासिकात आला. खाली छापलं होतं, समर्पणास लोटलेला जनसमुदाय. आमची नेमणूक वाढली, पुन्हा वाढली, मग वाढवायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. जेमीला पुढच्या उन्हाळ्यात तिकडं आणली. आधी महिनाभर माझ्याशी अबोला धरला, मग झाडाखालच्या शाळेत गेली ती त्यांच्यातलीच होऊन गेली. आज ती तिकडंच नर्स आहे. हे तिथंच आहेत, नाफिरीच्या पलीकडं. ह्यांना माती दिली त्या दिवशी काचालेबाबांच्या नातवांनी आळीपाळीनं घंटा वाजवली, आणि कुणी दम घ्यायला थांबलं की मला वाटायचं, हेच वाजवतायत. मी म्हातारी परत नगरला आले, गुडघ्यांच्या ऑपरेशनासाठी, ती इथंच राहिले. रविवारी जेमीचा फोन येतो. “आई, कशी आहेस गं?” म्हणते.

पण मला सांगायची होती ती त्या शनिवारची संध्याकाळ.

साहेब आत पडले होते. आम्ही दोघं ओसरीवर. ह्यांचे तळवे सोलून निघाले होते, आणि मी त्यांना खोबरेल लावत होते.

“आई गं,” हे म्हणाले. “हळू.” मग थोड्या वेळानं, “तू काचालेबाबांना नेमकं काय सांगितलंस?”

“तुम्ही म्हणालात तेच.”

“हं.” हे आंब्याकडं बघत राहिले. “तीन वर्षं रोज सकाळी ती भाषा घोकतोय मी, सुवार्ता. बोलताना जीभ अडखळते. कान नाही अडखळत.”

माझा हात जागच्या जागी थांबला.

“मग... तिथंच का नाही बोललात? मला खोटं पाडायचं होतंत!”

“तुला घरी जायचं होतं. मी तुला तीन वर्षं इथं ठेवून घेतलं, विचारलंही नाही धड. म्हटलं, आज हिच्या हातात देऊ. तू खरं सांगितलं असतंस तर नाताळाला नगर. मी हू की चू केलं नसतं.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर हात सोलून निघणार होते,” हे म्हणाले. “निघाले.”

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. कशासाठी रडतेय तेच मला कळत नव्हतं. जेमीसाठी, म्हातारीसाठी, का या खुळ्या माणसासाठी. हे सोललेला हात माझ्या पाठीवर ठेवू बघत होते, आणि तो दुखत होता म्हणून ठेवता येत नव्हता.

तेवढ्यात ओसरीपाशी हाक आली. “ओदी!”

मी दचकले. क्षणभर खरंच वाटलं, तीच आली.

एलुबी होती. मयताच्या घरी बाया त्या दिवशी मुक्कामालाच राहतात, म्हणून मला नवल वाटलं. ती ओसरीवर चढली, नाफिरीच्या खांबाला टेकली आणि पाय पसरून बसली.

“काय गं? तिकडं काही हवंय का?” मी डोळे पुसत विचारलं.

“काही नको. मला परत जायचंच आहे. पण थोडी बसते.”

“अगं, पण आज कशाला? दमली असशील.”

एलुबीनं डोक्याचं कापड नीट केलं. “नाफिरी मला सांगून ठेवायची. म्हणायची, माईचं इथं कुणी नाही. रोज मी जाऊन बसते. मी गेले की तू बसत जा, एक दिवससुद्धा चुकवू नकोस.”

ह्यांनी मान खाली घातली. मी उठले आणि आत जाऊन चहा टाकला. साखर जरा जास्तच पडली.